पोरगी आंतर करून राह्यली

आमच्या गावात 'आंतर' अशी सुरुवात असलेले दोनच शब्द चालतात. एक आंतरपीक, म्हणजे सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर. दुसरा आंतरजातीय, आणि त्याच्यापुढे 'लग्न' हा शब्द लावावासुद्धा लागत नाही, लोक समजून घेतात. आमच्याकडे शेत नाही. त्यामुळे मी पुण्याला आंतरपीक घ्यायला गेलेली नाही, हे वरवट बकालमध्ये कुणालाही वेगळं सांगायची गरज नव्हती.

चूक माझीच. विषयाचं नाव मी मराठीत सांगितलं. 'इंटरनॅशनल स्टडीज' म्हटलं असतं तर लोकांनी 'कॉम्प्युटरचं काहीतरी असन' म्हणून विषय सोडून दिला असता. पण बी.ए.ला मराठी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि मातृभाषेचा ताठा अंगात होता. म्हटलं, सांगायचं तर शुद्ध मराठीत सांगायचं, आंतरराष्ट्रीय अभ्यास. त्या शुद्ध मराठीने माझी जी शोभा केली तिला तोड नाही.

बाबा एसटीत कंडक्टर आहेत. शेगाव ते सोनाळा, मध्ये आमचं वरवट बकाल, आणि अख्खं आयुष्य याच रस्त्यावर येऊन-जाऊन. माय मी दहावीत असताना गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी एरवी बोलण्यात कुणाला हार जात नाही, बाबा दिवसभर 'तिकीट बोला, तिकीट बोला' करत असतात, पण घरात ज्या गोष्टी बोलायला हव्यात त्या दोघांनीही कधी बोलल्या नाहीत. असलं सगळं माय विचारायची. ती गेल्यावर ते खातं बंदच पडलं.

पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला त्या दिवशी मी बाबांना फोन केला. गाडी शेगावच्या स्टँडवर, सुटायच्या बेतात. मी आनंदाने ओरडले, "बाबा, मी आंतरराष्ट्रीय करतेय!" 'अभ्यास' हा शब्द गाळला. विद्यार्थी गाळतातच, कुणी 'मी इतिहास करतोय' म्हणतं, कुणी 'मी गणित करतेय'. तिकडे ड्रायव्हरने नेमकं इंजिन चालू केलं. त्या गाडीचं इंजिन चालू झालं की शेजारच्या सीटवरच्या माणसाची शिंकसुद्धा ऐकू येत नाही, फक्त दिसते.

"काय? आंतर काय?" बाबा भरल्या गाडीत ओरडले.

"आंतर... करतेय! चालेल ना?"

थोडा वेळ फोनवर नुसतं इंजिन. मग बाबा म्हणाले, "तुले पटलं ना? मंग कर. मी हाये ना."

मी होस्टेलच्या जिन्यात बसून रडले. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरी या विषयावरून रामायण झालं होतं. नोकरी कुठे लागणार, यूपीएससी का नाही, बी.एड. काय वाईट आहे. आणि आमचे बाबा, दहावी पास, म्हणतात पटलं तर कर. मी मैत्रिणींना अभिमानाने सांगितलं की माझे बाबा फार पुढारलेले आहेत. होतेच ते, पण कोणत्या बाबतीत, ते मला कळायला दोन वर्षं लागली.

त्या गाडीत पहिल्या सीटवर आमच्या शेजारची काकू बसली होती. बाबांचं ओरडणं तिने ऐकलं, पुढचं स्वतःच पूर्ण केलं. बातमी बाबांच्याच गाडीने, तिकीट न काढता, सोनाळ्यापर्यंत गेली.

पुण्यात माझं पहिलं वर्ष 'मले'चं 'मला' करण्यात गेलं. वर्गात कुणी विचारलं, कुठली तू, तर मी म्हणायचे बुलडाणा, आणि समोरचा म्हणायचा, "अच्छा, तो उल्केचा खड्डा ना?" मी म्हणायचे, "हो, आम्ही सगळे त्या खड्ड्यातच राहतो." यावर ते हसायचे, आणि मला त्यांच्या हसण्याचा राग यायचा, आणि विनोद मीच केलेला असल्यामुळे रागवायचीही सोय नसायची. एकदा चर्चासत्रात सर सांगत होते की मोठी राष्ट्रं छोट्या राष्ट्रांशी अमुक पद्धतीने वागतात. माझ्या तोंडून पटकन गेलं, "पण काऊन?" सर थांबले. चष्मा वर करून म्हणाले, "काऊन? हे कुठल्या परंपरेतले विचारवंत?" आमच्या विषयात रोज चार नवी परकी नावं यायची, त्यात एक काऊन खपून गेला असता. शेजारच्या मुलीने तर वहीत लिहूनही घेतलं. मी खुलासा केला नाही. 'काऊन म्हणजे का' असं सांगितलं असतं तर वर्ष संपेपर्यंत मीच काऊन झाले असते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर काकू दारातच उभी. माझ्याकडे असं निरखून पाहिलं की मला वाटलं पुण्याचं पाणी लागलेलं दिसतंय.

"कसं चालू हाये वं तुहं?"

"चांगलं चालू आहे, काकू."

"कधी होईन पूरं?"

"पुढच्या वर्षी. अजून तीन सेमिस्टर बाकी आहेत."

'सेमिस्टर'वर काकू जरा अडखळली, पण सावरली. "जड जाते का?"

"सुरुवातीला गेलं. आता सवय झाली."

"अन् तुया बापाले सगळं मालूम हाये?"

"अहो, त्यांनीच तर परवानगी दिली!"

काकूने तोंडाला पदर लावला आणि आत गेली. मला वाटलं, शिक्षणाचं कौतुक वाटून गहिवरली बिचारी.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठात सूचना लागली. विद्यार्थ्यांची अदलाबदल, एका सेमिस्टरसाठी, हंगेरीतल्या एका विद्यापीठाशी. तिकडचा एक विद्यार्थी इकडे, इकडचा एक तिकडे. आमच्या वर्गातले सगळे तुटून पडले. मी फॉर्म भरला तो निव्वळ चिडून, कारण एकजण म्हणाला होता, "तुला कशाला, तुला आधी पुणंच परदेश आहे." हे खरं होतं म्हणूनच जास्त लागलं.

मुलाखतीला समोर तिघे बसलेले. एका बाईंनी विचारलं, दोन देशांमधली सीमा ही नेमकी काय असते? माझ्या आधीच्या सगळ्यांनी पुस्तकातल्या व्याख्या म्हणून दाखवल्या असणार. मला एकही व्याख्या आठवेना. मग मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे दोन शेतांच्या मधल्या बांधाला धुरा म्हणतात. दरवर्षी नांगरताना शेजारचा माणूस धुरा एक वीतभर कोरतो. आपण ओरडलो की तो म्हणतो, बैल वळला हो, मी काय करू. पुढच्या वर्षी बैल पुन्हा तिकडेच वळतो. दहा वर्षांनी धुरा राहतच नाही, आणि तेव्हा तोच मोजणी आणायला सांगतो. तुम्ही जे पुस्तक आम्हाला लावलंय त्यात बैल नाहीत, बाकी सगळं हेच आहे. बाई हसल्या, आणि हे हसणं मला पहिल्यांदा बरं वाटलं. यादीत माझं नाव पहिलं लागलं. माझ्या खाली प्रतीक्षायादीत तोच, पुणं परदेश म्हणणारा.

आता एकच अडचण होती. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता, आणि विद्यापीठाला महिन्याअखेर पासपोर्टचा नंबर हवा होता. नाही दिला तर जागा खालच्याला. मी अर्ज केला आणि पोलीस पडताळणीसाठी गावी येऊन बसले.

आमच्या घरात भिंतीवर एक फोटो आहे. कोट घातलेला, हातात पुस्तक. आमच्या वस्तीत घरोघरी तोच फोटो आहे, आणि तो माणूस परदेशात शिकून आला होता हे दुधपित्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे परदेशी शिक्षण हा विषय आमच्यासाठी नवा नाही. फक्त ते एकाच माणसाने आपल्या सगळ्यांच्या वतीने उरकून टाकलंय आणि आपल्याकडे हार घालायचं काम उरलंय, असा एक समज आहे. मी जायचं ठरल्यावर बाबांनी त्या फोटोची काच ओल्या फडक्याने पुसली.

हवालदार आले ते दुपारी, मोटरसायकलवर. बाबांची सुट्टी होती. चहा झाला, कागद झाले, मग हवालदार म्हणाले दोन शेजारी लागतील सहीला. काकू बोलवायच्या आधीच दारात होती.

"हिले ओळखता?"

"माह्या डोयापुढं वाढली ते."

"पुण्याले काय करते?"

"आंतरजातीय," काकूने सांगितलं. कुजबुजत नाही, लपवत नाही. तलाठ्याला सातबारा विचारल्यावर तो सांगतो तितक्या सरळ.

हवालदारांचं पेन थांबलं. "अन् परदेशात कायले चालली?"

"साटंलोटं हाये ते. तिकडची एक पोरगी इकडे येईन, हे तिकडे जाईन. हिनंच सांगतलं मले."

सांगितलं होतं. अदलाबदल योजना मीच तिला सकाळी दळण निवडता निवडता समजावून सांगितली होती. मी ताडकन उठले. "आंतरराष्ट्रीय! राष्ट्र! देश! अभ्यास आहे तो!" ट्रंकेतून गुणपत्रिका काढून हवालदारांच्या हातात कोंबली. ती इंग्रजीत, आणि विद्यापीठाचा गोल शिक्का विषयाच्या नावावर असा बसलेला की 'इंटर'च्या पुढचं काही दिसेना. हवालदारांनी त्या 'इंटर'वर बोट ठेवलं, काकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे पाय बाई," ते म्हणाले, "तू सज्ञान हाये, तुहं तू पाय. पण उद्या कोणी म्हणलं पोरगी पळून गेली, तर आमच्या मागं लागते ते." मग बाबांकडे वळले. "तुमी बाप. तुमचं काय म्हणनं हाये?"

बाबांनी 'खोटं आहे' एवढं म्हटलं की संपलं. दोन शब्द. बाबा उठले, माझ्या वहीतलं एक पान फाडलं आणि कंडक्टरच्या गोल अक्षरात लिहिलं, 'माझी मुलगी सज्ञान आहे. ती जे काही करत आहे त्यास माझी संमती आहे.' सही केली आणि कागद हवालदारांना दिला. हवालदारांनी तो दोनदा वाचला, घडी केली, खिशात ठेवला आणि "मंग आमाले काय अडचण" म्हणून गेले.

काम झालं, आणि मी पेटले. 'जे काही' म्हणजे काय? 'अभ्यास' लिहायला काय झालं होतं? बाबांवर मी इतकी ओरडले की काकूने आपलं दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच लावलं असेल. बाबा म्हणाले, "काम झालं ना?" आणि ड्यूटीचा शर्ट इस्त्री करायला घेतला. त्यांना माझी इतकी लाज वाटते का, की समोर खोटं बोललं जातंय आणि बाप गप्प? की त्यांना माझ्याबद्दल काही वाटतच नाही? मी दोन आठवडे त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मुदतीच्या दोन दिवस आधी पोस्टमन पासपोर्ट घेऊन आला, तेव्हासुद्धा मी तो त्यांना दाखवला नाही, टेबलावर ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलेलं होतं.

निघायच्या दिवशी बाबा शेगाव स्टेशनवर सोडायला आले. स्वतःच्याच रस्त्याने, दुसऱ्याच्या गाडीत, खिडकीशी बसून. मुंबईची दुपारची गाडी अर्धा तास उशिरा होती. कचोऱ्या घेतल्या, त्या दोघांनीही खाल्ल्या नाहीत. फलाटावर बाकड्याच्या दोन टोकांना दोघं. मग बाबांनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेलं एक गाठोडं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे त्याले देजो."

"कोणाले?" मी म्हटलं. पुण्यात दोन वर्षं घासलेला 'कोणाला' त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे.

"त्या पोराले." बाबा रुळांकडे पाहत होते. "शर्टाचं कापड हाये. आपल्याकडून काही तरी पाह्यजे ना. आईबाप नाही आले, पण कापड तरी आलं, असं वाटन त्याले. तिथंच असन ना तो? नाही तर एवढ्या दूर कायले जातं तू?"

मला उलगडायला बराच वेळ लागला. इंजिन. भरली गाडी. तुले पटलं ना, मंग कर. जे काही करत आहे त्यास. दोन वर्षं. मी विषय निवडला होता आणि या माणसाने दोन वर्षं समजून घेतलं होतं की मी नवरा निवडलाय, कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, काही माहीत नाही, आणि विचारायला घरात माय नाही.

"बाबा," मी म्हटलं, "कोणी नाही. आंतरराष्ट्रीय. देशादेशांचा अभ्यास असतो."

"अभ्यास?"

"अभ्यास."

"पोरगं नाही?"

"नाही."

बाबांचा चेहरा उतरला. शपथेवर सांगते, उतरला. आनंद व्हायला हवा होता, पण त्या माणसाला चक्क वाईट वाटलं.

"मंग मी दोन वर्ष गाडीत भांडून राह्यलो ते कोणासाठी?" ते म्हणाले.

आणि मग त्या बाकड्यावर त्यांनी सांगितलं. थांब्या-थांब्यावर लोक विचारायचे, का हो, पोरगी आंतरजातीय करून राह्यली म्हणे? पहिले काही दिवस ते ऐकलं न ऐकलं करायचे. मग एक दिवस एकजण जास्तच बोलला. तेव्हा बाबांनी घंटी मारून गाडी थांबवली आणि भर रस्त्यात सगळ्या प्रवाशांना उद्देशून सांगितलं, "हाव, करून राह्यली. मले मंजूर हाये. आणखी कोणाले इचारायचं हाये? नाही? मंग तिकीट बोला." तेव्हापासून कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, करून राह्यली, तिकीट बोला. दोन वर्षं, येता-जाता.

मी हसत होते आणि माझ्या नाकातून पाणी येत होतं. या माणसाला माझी लाज वाटते असं मी ठरवून बसले होते. गाडी आली. मी गाठोडं परत द्यायला गेले तर बाबांनी ते माझ्या बॅगेत खुपसलं. "राहू दे. ने. कामी पडन कधी." आणि गाडी हलल्यावर फलाटावरून सवयीने हात वर करून दोनदा आपटला, जणू एसटीच्या पत्र्यावर, जाऊ द्या म्हणून.

परदेशात शिकण्याचे फायदे सांगणाऱ्या माहितीपत्रकात दृष्टी रुंदावते वगैरे लिहिलेलं असतं. मी पहिल्या आठवड्यात शिकले ते कपडे धुण्याचं मशीन हंगेरियन भाषेत कसं चालवायचं, तेही माझा एकुलता एक स्वेटर लहान मुलाच्या मापाचा झाल्यावर. वर्गात सहा देशांची माणसं, प्रत्येकाची इंग्रजी आपापल्या गावची. माझ्या बोलण्यातलं वऱ्हाड तिथे कुणाला ओळखू येईना, आणि मी पुण्याची नाही हेही. कुठून आलीस असं कुणी विचारलं की मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. खड्ड्याचा विनोद मी एकदाही केला नाही, करावासा वाटला नाही. सीमेवरच्या निबंधात मी 'धुरा' हा शब्द तसाच घातला आणि खाली टीप दिली. प्राध्यापकांनी शेरा मारला की हा शब्द त्यांनाही हवा होता. आणि 'का' विचारायची वेळ आली की मी मनातल्या मनात आधी काऊन म्हणायचे, मग इंग्रजीत विचारायचे. प्रश्न तसा नीट निघायचा. एवढा फायदा मला कबूल आहे.

गाठोडं मी कितीतरी आठवडे उघडलं नव्हतं. एका रविवारी उघडलं. फिकट निळं कापड, बारीक रेघांचं, किनारीवर शेगावच्या दुकानाचा कागद चिकटलेला. पलंगावर उलगडलं तर या बाजूने जमिनीवर आलं, त्या बाजूनेही आलं, आणि तरी घड्या संपेनात. एका शर्टाला एवढं? मी बाबांना फोन लावला. ते घरी होते, इंजिन नव्हतं, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"बाबा, शर्टाचं कापड एवढं कायले घेतलं?"

"मले त्याची उंची मालूम नोती ना, बाई," ते म्हणाले. "अन् इचारू कोणाले? म्हणून उंच माणसाचं घेतलं."